स्टुडिओतील दिवे आणि ग्रे कार्डाची साक्ष

येवल्याच्या किंवा पैठणच्या मागावर विणलेली पैठणी अलीकडे पुष्कळदा छायाचित्र पाहूनच पसंत केली जाते, आणि ती पसंत करणारी व्यक्ती नागपुरात असो, बडोद्यात असो की सातासमुद्रांपलीकडे लंडनमध्ये असो, वस्त्र प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत त्याच्या रंगाविषयी तिच्यापाशी छायाचित्राखेरीज दुसरा पुरावा नसतो. विणकराने ताण्याला एक आणि बाण्याला दुसरा रंग योजून जी धूपछाव साधलेली असते, डाळिंबी आणि कुसुंबी यांच्यातील जे सूक्ष्म अंतर राखण्यासाठी रंगाऱ्याने आपले कसब खर्ची घातलेले असते, ते सारे छायाचित्रकाराच्या थोड्याशा निष्काळजीपणाने पुसले जाते. राघू रंगाचा पदर निळसर दिसू लागतो, शिरोदक या नावाने ओळखली जाणारी पांढरी पैठणी पिवळट भासते, आणि पार्सल उघडल्यावर होणाऱ्या निराशेचे खापर विनाकारण विणकराच्या माथी फुटते. म्हणून स्टुडिओतील दिव्यांखाली वस्त्रांचे, अलंकारांचे किंवा व्यक्तींचे चित्रण करणाऱ्या प्रत्येकाने कॅमेऱ्याचे श्वेतसंतुलन, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण व्हाइट बॅलन्स म्हणतो ते, दर खेपेस स्वतः मापून घेण्याचा शिरस्ता पाळावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. या कामास पाच-दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. मात्र ते यथासांग व्हावे यासाठी त्यामागील कार्यकारणभाव ध्यानी असणे अगत्याचे आहे.

मापनाची गरज मुळात आपल्या डोळ्यांच्या औदार्यामुळे निर्माण होते. समईच्या ज्योतीचा प्रकाश सुमारे १९०० केल्विन वर्णतापमानाचा, अत्यंत तांबूस-पिवळा असतो, तर दुपारचे ऊन ५५०० केल्विनच्या आसपासचे. तरीही मोगऱ्याचे फूल आपल्याला देवघरात आणि अंगणात सारखेच पांढरे दिसते. नेत्रपटलावरील तीन प्रकारच्या रंगग्राहक पेशी समोरच्या प्रकाशानुसार आपापली संवेदनक्षमता कमीअधिक करून घेतात, असे प्रतिपादन योहानेस फॉन क्रीस या जर्मन शास्त्रज्ञाने १९०२ साली केले, आणि आजचा डिजिटल कॅमेरा श्वेतसंतुलनाच्या वेळी जे गणित करतो ते तत्त्वतः त्याच जातीचे आहे: तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन वाहिन्यांपैकी हिरवी स्थिर ठेवून उरलेल्या दोहोंना अशा गुणकांनी गुणावयाचे की, निर्विकार करड्या वस्तूवर तिन्ही वाहिन्यांचे आकडे समसमान यावेत. फरक एवढाच की डोळा हे आपण होऊन करतो, आणि कॅमेऱ्याला करडे कोणते हे कोणीतरी दाखवून द्यावे लागते. तोलण्यापूर्वी रिकाम्या पारड्यांतील पासंग काढून घेतल्याविना जसे वजन खरे येत नाही, तसेच हे आहे. माल पारड्यात पडल्यानंतर पासंगाचा विचार करू पाहणाऱ्याला अंदाजावरच विसंबावे लागते.

फिल्मच्या काळी हा पासंग कारखान्यातच ठरून येत असे. दिवसाच्या प्रकाशाची फिल्म ५५०० केल्विनला आणि टंगस्टन दिव्यांची ३२०० केल्विनला बेतलेली असे, आणि एकीचे काम दुसरीकडून करून घ्यावयाचे झाल्यास भिंगापुढे ८०-ए हा निळा किंवा ८५-बी हा नारिंगी फिल्टर चढवावा लागे. त्या काळच्या छायाचित्रकारांना ठाऊक असलेली एक गोष्ट आज बहुधा विस्मृतीत गेली आहे: केल्विनमधील सारख्या अंतरांचा परिणाम सारखा नसतो. दहा लाखांना केल्विनच्या आकड्याने भागले असता जी संख्या मिळते तिला मायरेड म्हणतात, आणि रंगातील तफावत या मायरेडच्या अंतरावरून जोखावयाची असते. ५५०० आणि ५००० केल्विन यांच्यात सुमारे १८ मायरेडचे अंतर आहे, तर ३२०० आणि ३००० यांच्यात सुमारे २१ चे; म्हणजे फ्लॅशच्या बाबतीत पाचशे केल्विनने जेवढे बिघडते, त्याहून अधिक पिवळ्या दिव्यांच्या बाबतीत केवळ दोनशे केल्विनने बिघडते. शिवाय केल्विनचा आकडा निळ्यापासून पिवळ्यापर्यंतच्या एकाच अक्षाची हकीकत सांगतो. हिरव्याकडून किरमिजीकडे जाणारा जो दुसरा अक्ष आहे, त्याविषयी तो सर्वस्वी मौन पाळतो.

स्टुडिओ फ्लॅशच्या खोक्यावर ५५०० किंवा ५६०० असा आकडा छापलेला असतो, आणि पुष्कळ मंडळी तोच कॅमेऱ्यात भरून निश्चिंत होतात. या निश्चिंततेला माझी हरकत आहे. झेनॉन वायूच्या नळीचा प्रकाश दिवसाच्या प्रकाशाशी बराच जुळतो हे खरे, आणि १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयात हॅरॉल्ड एजर्टन यांनी विद्युत्-फ्लॅशला जे रूप दिले त्याचा छायाचित्रणात सार्वत्रिक प्रसार होण्याचे तेही एक कारण होय. परंतु छापलेला आकडा दिव्याचा असतो, आणि वस्त्रावर पडणारा प्रकाश मात्र संपूर्ण योजनेचा असतो. नळीतून निघालेला प्रकाश काचेच्या आवरणातून, सॉफ्टबॉक्सच्या दुहेरी कापडातून, क्वचित छत्रीच्या अस्तरावरून परावर्तित होऊन, भिंतीचा आणि छताचा रंग थोडाथोडा उचलून वस्त्रापर्यंत पोहोचतो, आणि तेथून भिंगाच्या लेपांतून कॅमेऱ्यात शिरतो. सॉफ्टबॉक्सचे कापड वर्षा-दोन वर्षांत पिवळट पडते, आणि हे पिवळेपण इतके मंदगतीने वाढते की रोज तेथे वावरणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. फ्लॅशची शक्ती कमीअधिक केली तरीही रंग सरकतो, आणि गंमत नव्हे, चांगलीच अडचण अशी की, तो सर्व दिव्यांत एकाच दिशेने सरकत नाही: जे दिवे कपॅसिटरचा दाब उतरवून शक्ती कमी करतात ते कमी शक्तीवर पिवळसर होतात, आणि जे चमक मध्येच तोडून शक्ती कमी करतात ते निळसर होतात, कारण चमकेच्या शेवटी येणारा तांबूस अंश तोडला गेलेला असतो. अशा स्थितीत छापील आकडा हा आरंभापुरता दाखला होय. निकाल वस्त्राच्या जागी घेतलेल्या मापनावरूनच द्यावा लागतो.

कॅमेऱ्यातील स्वयंचलित व्यवस्थेवर हा कारभार सोपवता येईल काय, असा प्रश्न नवखे नेहमी विचारतात. डोंगर, झाडी, आकाश, माणसे अशा संमिश्र देखाव्यात ती व्यवस्था बऱ्यापैकी काम करते, कारण सर्व रंगांची गोळाबेरीज साधारणतः करडी येईल या गृहीतकाला तेथे आधार असतो. परंतु राणी रंगाच्या पैठणीने सगळी चौकट व्यापलेली असताना हे गृहीतक साफ कोसळते. कॅमेरा त्या गुलाबीलाच प्रकाशाचा दोष समजतो आणि त्यात हिरवे मिसळून वस्त्र निस्तेज करून टाकतो, आणि पुढच्याच चौकटीत पदराचा सोनेरी भाग अधिक आला की त्याचा निर्णय पुन्हा बदलतो. एकाच साडीची आठ छायाचित्रे आठ रंगांची येण्याचे मूळ यातच असते.

आता साक्षीदार म्हणून कोणती वस्तू पुढे करावी, याचा विचार नीट केला पाहिजे, कारण सर्वाधिक चुका येथेच होतात. पांढरे दिसते ते निर्विकार असतेच असे नाही. आपल्याकडे धोतर, सदरा, चादरी यांना नीळ देण्याची पद्धत पिढ्यान् पिढ्यांची आहे, आणि ती देतात ती कापडाचा पिवळेपणा निळ्याने झाकण्यासाठीच. हल्लीच्या धुलाईच्या भुकट्यांत आणि छपाईच्या कागदात तर याहून प्रभावी द्रव्ये असतात. ती अदृश्य अतिनील किरण शोषून घेऊन त्यांच्या बदल्यात निळा प्रकाश बाहेर टाकतात, आणि ज्या फ्लॅशच्या नळीवर अतिनील किरण अडवणारा लेप नसतो त्याच्यापुढे असा कागद स्वतःच निळसर प्रकाशू लागतो. त्याला पांढरा मानून मापन केले तर कॅमेरा त्या निळ्याची भरपाई पिवळ्याने करतो, आणि सर्व चित्रण हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखे येते. तेव्हा कार्यालयातील कागद, रुमाल, भिंत, मॉडेलच्या अंगावरचा पांढरा सदरा, यांपैकी एकाचीही साक्ष ग्राह्य धरू नये.

यासाठी खास तयार केलेले ग्रे कार्ड विकत घ्यावे. त्यातही एक भेद आहे: अठरा टक्के प्रकाश परावर्तित करणारे जुन्या धर्तीचे कार्ड मूलतः उद्भासनाच्या, म्हणजे एक्स्पोजरच्या मापनासाठी बनलेले असते, आणि त्याचा करडेपणा सर्व तरंगलांबींवर एकसारखा असेलच अशी हमी प्रत्येक उत्पादकाने दिलेली नसते. म्हणून श्वेतसंतुलनासाठी बनवलेले, किंचित फिकट करडे कार्ड अधिक चांगले. ज्यांच्याजवळ चोवीस रंगचौकोनांचा कलरचेकर आहे, त्यांनी त्यातील अगदी पांढऱ्याऐवजी त्याच्या शेजारचा फिकट करडा चौकोन वापरावा. आणि ज्यांना लगेच खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी एक स्वस्त तजवीज सांगतो: नळाच्या जोडांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉनची फीत एखाद्या सपाट पुठ्ठ्यावर अनेक थर देऊन, खालचा रंग मुळीच दिसणार नाही अशा बेताने ताणून गुंडाळावी. टेफ्लॉन हा पदार्थ दृश्य प्रकाशाच्या सर्व तरंगलांबी जवळजवळ सारख्याच प्रमाणात परावर्तित करतो, आणि प्रयोगशाळांतील प्रमाणभूत पांढऱ्या तबकड्याही याच द्रव्याच्या असतात. मात्र तो फार उजळ असल्यामुळे उद्भासन थोडे उतरवून मापन करावे लागते. कार्ड कोणतेही असो, ते पिशवीत ठेवावे, त्यावर बोटांचे ठसे उमटू देऊ नयेत, आणि ते मळले वा पिवळले म्हणजे निःसंकोच बदलावे.

मापनापूर्वी खोलीचा बंदोबस्त करावा. खिडक्यांचे पडदे ओढावेत, ट्यूबलाइट बंद करावेत, आणि मग चित्रणासाठी ठरवलेल्या मांडणीवर, समजा आयएसओ १००, छिद्र एफ-८ आणि शटर १/१२५ असे असताना, फ्लॅशचा ट्रिगर बंद करून एक चित्र घ्यावे. ते संपूर्ण काळे आले पाहिजे. त्यात वस्त्राची पुसट जरी आकृती दिसली, तरी खोलीत परका प्रकाश आहे आणि तो फ्लॅशमध्ये मिसळतो आहे, असे समजून शटरचा वेग, फ्लॅशशी जुळण्याच्या म्हणजे सिंकच्या मर्यादेच्या आत, थोडा वाढवावा किंवा तो प्रकाश अडवावा. फ्लॅशमधील मॉडेलिंग लॅम्प हॅलोजनचा असल्यास त्याचा प्रकाश फ्लॅशहून पुष्कळच पिवळा असतो. एवढ्या मांडणीवर तो सहसा चित्रात उतरत नाही, परंतु ही काळी चौकट घेताना तो मुद्दाम चालू ठेवावा, म्हणजे त्याविषयीही खातरजमा होते. आपल्या स्वतःच्या पोशाखाकडेही लक्ष असावे. सॉफ्टबॉक्सच्या शेजारी तांबडा सदरा घालून उभा राहिलेला सहायक वस्त्राच्या एका कडेवर आपला रंग फेकत असतो. स्टुडिओत काळे किंवा करडे कपडे वापरण्याची जी चाल जाणत्या मंडळींत आहे, ती याच कारणाने पडली आहे.

यानंतर सर्व दिवे, त्यांचे सॉफ्टबॉक्स आणि त्यांची शक्ती अंतिम स्वरूपात ठरवून घ्यावी, दोन-चार चमका उगाचच उडवून फ्लॅश स्थिरावू द्यावा, आणि मग कार्ड वस्त्राच्याच जागी धरावे. वस्त्राच्या पुढे हातभर अंतरावर धरलेल्या कार्डावर निराळाच प्रकाश पडू शकतो, आणि वस्त्राला चिकटवून धरलेल्या कार्डावर वस्त्राचाच रंग उसळतो. यास्तव पैठणी स्टँडवर चढवण्यापूर्वीच, रिकाम्या जागी मापन करून घेणे मला सर्वांत निर्धोक वाटते. कार्डाचा रोख मुख्य दिवा आणि कॅमेरा यांच्या मधोमध ठेवून, त्यावर कोठेही चकाकी उमटत नाही हे पाहावे. कार्डावर रेघ वा आकृती नसल्यामुळे ऑटोफोकस तेथे घोटाळतो. म्हणून भिंग मॅन्युअल फोकसवर आणावे, चित्र अस्पष्ट आले तरी मापनात काही बिघडत नाही. पार्श्वभूमीवर रंगीत जेल लावलेला दिवा योजला असेल, तर तो या वेळी बंदच असावा. त्याचा रंग आपल्याला हवा म्हणून आहे, आणि तो मापनात शिरला तर कॅमेरा त्याला दोष समजून नाहीसा करू पाहील.

उद्भासन हा येथील कळीचा मुद्दा आहे. कार्डाचे चित्र फार उजळ आले आणि तिन्हींपैकी एखादी वाहिनी आपल्या कमाल मर्यादेला जाऊन थटली, तर त्या वाहिनीचा खरा आकडा कॅमेऱ्याला कळतच नाही, आणि तो चुकीच्या आकड्यावरून चुकीचा गुणक काढतो. फार काळवंडलेल्या चित्रातही आकडे अविश्वसनीय होतात. म्हणून केवळ उजळपणाचा एकेरी आलेख न पाहता तिन्ही वाहिन्यांचा हिस्टोग्राम उघडावा, आणि तिन्ही टेकड्या मध्याच्या आसपास, फार तर किंचित उजवीकडे, आणि काठापासून निश्चितपणे दूर आहेत हे पाहूनच पुढे जावे.

पुढचा भाग कॅमेऱ्यागणिक बदलतो. कॅननच्या कॅमेऱ्यांत आधी कार्डाचे चित्र काढून, मग मेनूतील कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये जाऊन ते चित्र निवडावे लागते, आणि त्यानंतर श्वेतसंतुलनाच्या यादीतून कस्टमचे चिन्ह आठवणीने निवडावे लागते. ही शेवटची पायरी राहून गेली तर केलेले मापन तसेच पडून राहते. कार्डाने चौकटीचा मध्यभाग पूर्णपणे व्यापलेला असावा, आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोमवर असताना काढलेले चित्र तेथे स्वीकारले जात नाही. निकॉनच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत पीआरई हा पर्याय निवडून त्याचे बटण, पीआरई ही अक्षरे लुकलुकू लागेपर्यंत दाबून धरावे, आणि ती लुकलुकत असतानाच कार्डाकडे रोखून शटर दाबावा. मापन जमले तर तसा संकेत पडद्यावर उमटतो, न जमल्यास बहुधा प्रकाश कमी वा जास्त झालेला असतो. काही कॅमेऱ्यांत पडद्यावरील चालू प्रतिमेवरूनच पांढरे मापण्याची सोय आहे. फ्लॅशच्या कामी तिचा उपयोग नाही, कारण त्या क्षणी फ्लॅश पेटलेला नसतो आणि मापन होते ते मॉडेलिंग लॅम्पचे.

एकापेक्षा अधिक दिवे असतील, आणि विशेषतः ते निरनिराळ्या उत्पादकांचे किंवा निरनिराळ्या वयाचे असतील, तर एकत्र मापन करण्यापूर्वी प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करावी. एकेक दिवा एकट्याने उडवून कार्डाची चित्रे घ्यावीत, संगणकावर प्रत्येक चित्राचा केल्विनचा आणि टिंटचा, म्हणजे हिरव्या-किरमिजी अक्षावरचा, आकडा पाहावा, आणि तफावत डोळ्यांत भरण्याजोगी असेल तर निळ्याकडे झुकणाऱ्या दिव्यावर सीटीओ या नारिंगी जेलचा पातळ तुकडा लावून त्याला दुसऱ्याच्या पातळीवर आणावे. ली कंपनीचा आठवा हिस्सा सीटीओ सुमारे २६ मायरेड आणि पाव सीटीओ सुमारे ६४ मायरेड सरकवतो. वस्त्राच्या डाव्या बाजूला एका रंगाचा आणि उजव्या बाजूला दुसऱ्या रंगाचा प्रकाश पडत असेल, तर कॅमेऱ्यातील एका आकड्याने दोन्ही बाजूंचा न्याय करता येणार नाही; ती दुरुस्ती दिव्यावरच झाली पाहिजे. एलईडीचे दिवे वापरणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. दिवा रंग कितपत खरे दाखवतो हे सांगणाऱ्या सीआरआय या निर्देशांकाची सरासरी आठ फिकट रंगनमुन्यांवरून काढतात, आणि गडद तांबडा, ज्याला आर-९ म्हणतात, त्या सरासरीत नसतो. म्हणजे पंचाण्णवचा दाखला मिरवणारा दिवाही डाळिंबी आणि कुसुंबी रंगांशी बेइमानी करू शकतो. जो रंग प्रकाशातच नाही तो श्वेतसंतुलनाने उत्पन्न होत नाही, म्हणून असा दिवा घेताना आर-९ चा आकडा विचारून घ्यावा.

आपण रॉ स्वरूपात चित्रे घेतो, तेव्हा हे सारे नंतर संगणकावर करता येईल, असे काहींचे म्हणणे असते, आणि त्यात तथ्यही आहे. रॉ फाइलमध्ये श्वेतसंतुलन हा केवळ सोबत जोडलेला शेरा असतो, तर जेपेगमध्ये ते चित्रात कायमचे मुरलेले असते. परंतु रॉ काढणाऱ्यालाही कार्डाची चौकट लागतेच. ती नसेल तर नंतरच्या दुरुस्तीला आधार कशाचा? शिवाय कॅमेऱ्यावरील हिस्टोग्राम हा श्वेतसंतुलन लागू झालेल्या चित्रावरून काढलेला असतो, त्यामुळे ते चुकले तर तांबड्या वाहिनीच्या मर्यादेविषयी तो आपली दिशाभूल करतो, आणि गडद लाल साड्यांत नेमकी तीच वाहिनी आधी भरून जाते. माझा सल्ला असा की, मापन कॅमेऱ्यातही करावे आणि प्रत्येक नव्या मांडणीच्या आरंभी कार्डाची एक चौकट रॉमध्येही काढून ठेवावी. सॉफ्टबॉक्स बदलला, भिंग बदलले, शक्ती एक-दोन स्टॉपने हलवली, पार्श्वभूमी पांढऱ्यावरून रंगीत झाली, की मागील मापन रद्द समजावे.

व्यक्तिचित्रणात थोडी ऊब पुष्कळांना आवडते, मलाही आवडते. आपल्याकडील गव्हाळ कांती अगदी तंतोतंत निर्विकार संतुलनात कित्येकदा कोरडी वाटते. ती ऊब मापनानंतर, व्हाइट बॅलन्स शिफ्टने किंवा संगणकावर, जाणूनबुजून आणि मोजून द्यावी, आणि विक्रीसाठी काढलेल्या वस्त्रांना ती मुळीच देऊ नये.

इतके करूनही काही रंग दाद देत नाहीत, हे आधीच माहीत असलेले बरे. जांभळ्याचा कल कॅमेऱ्यात बहुधा निळ्याकडे जातो, आणि काही झगझगीत गुलाबी रंगद्रव्ये स्वतःच प्रकाश टाकतात. येथे श्वेतसंतुलन बिनचूक असूनही रंग चुकतो, आणि कलरचेकरवरून त्या प्रकाशासाठी स्वतंत्र प्रोफाइल तयार करण्यावाचून गत्यंतर नसते. जरीचे तर तंत्रच निराळे: ती आरशाप्रमाणे सॉफ्टबॉक्सचे प्रतिबिंब दाखवते, म्हणून तिचा सोनेरीपणा आकड्यापेक्षा दिव्याच्या कोनावर आणि आकारावर अवलंबून असतो, आणि मोठा सॉफ्टबॉक्स एका बाजूने तिरका घेतल्यास तो बराच सांभाळता येतो. शेवटची पारख मात्र पडदा आणि वस्त्र शेजारी ठेवूनच करावी. संगणकाचे पडदे सामान्यतः ६५०० केल्विनला लावलेले असतात, तर छापील चित्र पारखण्यासाठी ५००० केल्विनचा प्रकाश प्रमाण मानला जातो. तेव्हा पिवळ्या बल्बाखाली धरलेल्या पैठणीची पडद्यावरील चित्राशी तुलना करून रंग फिरवत बसू नये. चांगल्या प्रतीच्या ५००० केल्विन दिव्याखाली वस्त्र धरावे, पडदा कॅलिब्रेट केलेला आहे याची खात्री करावी, आणि तरीही तफावत दिसली तरच कार्डाच्या मूळ चौकटीकडे परत जाऊन तिचे तिन्ही आकडे पुन्हा तपासावेत.